नवी ऑपरेटिंग सिस्टिम आणि हाताची मोडलेली सवय

अर्धविराम (धागाकर्ती)

गेले तीन आठवडे मनात साठलंय ते इथे लिहून काढते. लांबेल, पण दोन ओळींत सांगण्यासारखं नाहीच ते.

माझं काम मुद्रितशोधनाचं. दिवसाचे आठ-नऊ तास स्क्रीनसमोर जातात. जुन्या मशीनवर अकरा वर्षं काम केलं आणि ते आजही चालतं. पण त्यावरच्या सिस्टिमला सुरक्षेचे अपडेट मिळणं बंद झालं आणि नवी सिस्टिम त्या मशीनवर चढत नाही असं निघालं. माझ्याकडे लोकांची अजून न छापलेली पुस्तकं असतात, त्यामुळे धोका पत्करणं शक्य नव्हतं. नवं मशीन घेतलं, त्यात नवी सिस्टिम आली. कुठल्या कंपनीची ते मुद्दाम लिहीत नाही. नाव घेतलं की धागा भांडणात जातो आणि सांगायचं ते राहून जातं.

पहिल्या दिवशी एका फाइलवर राइट क्लिक केलं. अकरा वर्षं तिथे ‘कॉपी’ हा शब्द ठरलेल्या जागी होता. मी तो कधी वाचत नव्हते, हाताला ठाऊक होता. क्लिक, बोटभर खाली, पुन्हा क्लिक. आता तिथे छोटी यादी येते, आणि कट-कॉपी-पेस्टची नुसती चित्रं होऊन ती एका ओळीत बसली आहेत. शब्द गेले. शिवाय स्क्रीनवर खाली जागा नसेल तर यादी वरच्या दिशेने उघडते आणि चित्रांची ती ओळ डोक्यावरून पायाशी जाते. म्हणजे जागाही पक्की नाही. मला रोज लागणारे बाकीचे पर्याय ‘आणखी पर्याय दाखवा’ या ओळीच्या मागे दडलेत.

दिवसातून शे-दोनशे वेळा मी हे करते. प्रत्येक वेळी डोळे मजकुरावरून उचलून यादीवर न्यायचे, चित्र ओळखायचं, मग परत मजकुरात आपली ओळ शोधायची. इतरांना यात विशेष वाटणार नाही. मुद्रितशोधन करणाऱ्याची नजर ओळीवरून हलली की एखादी पहिली वेलांटी निसटते, आणि ती छापून येते.

पण खरा हादरा बसला तो एका रात्री. एका कादंबरीची शेवटची तपासणी सकाळपर्यंत द्यायची होती. संध्याकाळपासून इंटरनेट गेलेलं. मला त्याची काळजी नव्हती, कारण फाइल डेस्कटॉपवर होती, समोर दिसत होती. डबल क्लिक केलं. उघडेना. इंटरनेट जोडणी तपासा, असा निरोप आला. मला वाटलं चुकीच्या फाइलवर क्लिक झालं. पुन्हा केलं. तोच निरोप. मग लक्षात आलं की फाइलच्या नावाशेजारी ढगाचं एक बारीक चिन्ह आहे. पंधरा दिवसांपूर्वी याच मशीनवर, याच खुर्चीत बसून मी त्या फाइलमध्ये दुरुस्त्या केल्या होत्या. आणि आता ती फाइल या मशीनवर नव्हती! होतं ते फक्त तिचं नाव. टेबलावरचा कागद उचलायला जावं आणि हातात कागदाची सावली यावी तसं झालं. रात्री दीडपर्यंत मी फोनच्या नेटवर ती कशीबशी उतरवत बसले.

दुसऱ्या दिवशी आठवलं. मशीन पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा एक पान आलं होतं, फाइली सुरक्षित ठेवण्याबद्दल. खाली मोठं रंगीत बटण, आणि त्याखाली फिक्या अक्षरात ‘नंतर’. मी मोठं बटण दाबलं. होकार मीच दिला, हे मान्य आहे. पण कशाला होकार देतेय, हे त्या पानावर कुठेही लिहिलं नव्हतं. तुमचा डेस्कटॉप यापुढे दुसरीकडे राहील, असं एक साधं वाक्य असतं तर मी नक्की थांबले असते.

मला नवं नको असं नाही. पण मशीन ज्याचं आहे त्याला विचारा, आणि जुनी वाट बुजवू नका. तुमचे अनुभव लिहा. उपाय असतील तर ते आधी लिहा.

सावली

अगदी अगदी. ढगाचं चिन्ह माझ्याकडेही आहे आणि आजपर्यंत मी ते सजावट समजत होते. आत्ता तुमचं वाचून एक जुना फोल्डर उघडला. घरातल्या मुलांचे लहानपणापासूनचे फोटो, निम्म्यांवर ढग. हे सगळे परत मशीनवर कसे आणायचे, कुणीतरी पायरीपायरीने सांगा प्लीज.

मोजपट्टी

वेगळं मत मांडतो, राग नसावा. मी गेल्या वीस वर्षांत सात-आठ वेळा सिस्टिम बदलली. दर वेळी पहिला महिना चिडचिडीचा असतो, दुसऱ्या महिन्यात विसरायला होतं. राइट क्लिकच्या यादीचं म्हणाल तर कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही वापरा, यादी उघडायचीच गरज नाही. त्या कळा कुणी हलवलेल्या नाहीत.

आणि अपडेट बंद झालेलं मशीन सोडलंत हे उत्तम केलंत. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरने जगभरातली मशीन कुलूपबंद केली. ज्या भगदाडातून ते शिरलं ते बुजवणारं अपडेट त्याच वर्षी मार्चमध्ये आलेलं होतं. ज्यांनी ते घेतलं नाही त्यांच्याकडे ते शिरलं, रुग्णालयंसुद्धा सुटली नाहीत. सवयीसाठी जुन्याला चिकटून राहण्याची किंमत अशी असते.

तारयंत्र

मी कॉम्प्युटर दुरुस्ती आणि सपोर्टमध्ये बरीच वर्षं आहे. आधी सावली ताईंचं, कारण ते तातडीचं आहे.

ढगाचं चिन्ह असलेली फाइल म्हणजे फक्त नाव आणि आकार मशीनवर, आतला ऐवज कंपनीच्या सर्व्हरवर. जागा वाचवायला ही सोय असते. विंडोजमध्ये फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा. सगळं उतरेपर्यंत नेट चालू ठेवा. ढगाच्या जागी भरीव हिरव्या गोलातली टिकखूण आली की ती फाइल मशीनवर आली. मॅकवर २०१६ पासून अशीच सोय आहे, तिथे आयक्लाउडच्या सेटिंगमध्ये ‘ऑप्टिमाइझ मॅक स्टोरेज’ बंद करायचं. त्याआधी डिस्कवर तेवढी मोकळी जागा आहे ना, ते बघा.

आणि हे नीट वाचा: चिन्ह ढगाचं असो की टिकखुणेचं, त्या फोल्डरमधून फाइल डिलीट केलीत तर ती सर्व्हरवरूनही जाते. ही ‘प्रत’ नाही, एकच फाइल दोन ठिकाणी दिसते आहे. माझ्याकडे येणारी अर्धी रडारड याच गैरसमजातून येते. सर्व्हरच्या कचरापेटीत ती काही दिवस राहते, तेवढाच आधार. खरा बॅकअप हवा असेल तर वेगळ्या डिस्कवर प्रत काढा आणि ती डिस्क मशीनपासून सोडवून ठेवा.

आता अर्धविराम ताईंच्या यादीबद्दल. ती यादी आखूड का झाली, यामागे कारण आहे. राइट क्लिकच्या यादीत प्रत्येक प्रोग्रामला आपली ओळ घुसवता येते. झिप करणारा घुसवतो, अँटीव्हायरस घुसवतो, पीडीएफवाला, ढगवाला. दहा वर्षं वापरलेल्या मशीनवर मी स्क्रीनभर लांब याद्या पाहिल्या आहेत. शिवाय यातला एखादा प्रोग्राम सुस्त असला की अख्खी यादी उघडायलाच दोन-दोन सेकंद लागायचे. म्हणून विंडोज ११ मध्ये नवी आखूड यादी आली आणि जुनी तिच्यामागे गेली. शिफ्ट दाबून धरून राइट क्लिक केलं, किंवा फाइल निवडून शिफ्ट + एफ १० दाबलं, तर थेट जुनी यादी उघडते, शब्दांसकट.

कारण पटण्यासारखं आहे. पण ते वापरणाऱ्याला कुणी सांगितलंच नाही, आणि जुनी यादी कायमची ठेवण्याचा साधा पर्याय सेटिंगमध्ये दिला नाही. तिथे ताईंचं बरोबर आहे.

उंबरठा

माझे वडील ७६ वर्षांचे आहेत. निवृत्त झाल्यावर कॉम्प्युटर शिकले, स्वतःच्या हिमतीने. त्यांनी एका वहीत सगळं लिहून ठेवलंय: ‘खाली डाव्या कोपऱ्यात जाणे. दाबणे. वरून चौथे.’ त्या वहीच्या आधारावर ते बँकेचे हिशेब ठेवतात, मित्रांना पत्रं लिहितात, जुने फोटो नावनिशीवार लावतात.

नव्या सिस्टिममध्ये खालच्या पट्टीवरचे आयकॉन मध्यभागी आले. वही चुकली. बरं, मधे म्हणजे नेमकं कुठे, तेही सांगता येत नाही, कारण एखादा प्रोग्राम नव्याने उघडला की सगळी रांग थोडी डावीकडे सरकते. मी त्यांना फोनवर सांगतो, ‘डावीकडून तिसरं,’ आणि त्यांच्याकडे तोवर ते चौथं झालेलं असतं. परवा ते म्हणाले, ‘आता माझ्याच्याने होणार नाही, वय झालं.’

वय झालं नाही हो. त्यांचं लिहिलेलं बरोबर होतं, ते ज्या जागेबद्दल होतं ती जागा काढून घेतली. एवढ्या कष्टाने शिकलेला माणूस स्वतःला दोष देतो आणि बाजूला होतो, याचा मला फार त्रास झाला. मोजपट्टी, तुमच्या दुसऱ्या महिन्यात विसरायला होत असेल. बाबांचा दुसरा महिना संपला.

तारयंत्र

उंबरठा, विंडोज ११ असेल तर आजच करा: टास्कबारच्या रिकाम्या जागेवर राइट क्लिक, ‘टास्कबार सेटिंग्ज’, त्यात ‘टास्कबार बिहेवियर्स’, आणि ‘अलाइनमेंट’ला ‘लेफ्ट’. रांग डाव्या कोपऱ्यापासून सुरू होईल आणि सरकणार नाही. काकांची वही निम्मी तरी परत खरी होईल.

कोपऱ्याचं महत्त्व उगाच नाही. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलेला नियम स्क्रीनवरची बटणं कुठे ठेवायची हे ठरवताना आजही वापरतात. लक्ष्य जितकं दूर आणि जितकं लहान, तितका हाताला तिथे पोचायला वेळ लागतो. स्क्रीनच्या कोपऱ्यात माउस कितीही जोरात ढकलला तरी बाण कडेला अडतो, पुढे जातच नाही. म्हणून कोपऱ्यातलं बटण लहान असूनही हाताला प्रचंड मोठं असतं. न बघता ढकला, लागतंच. थरथरत्या हातालाही लागतं. विंडोज ९५ पासून, म्हणजे १९९५ पासून, ‘स्टार्ट’ त्या कोपऱ्यात होतं. दिसायला मध्यभाग देखणा आहे, पण तिथे नेम धरावा लागतो.

हे धडे कंपन्या विसरतात आणि परत शिकतात. २०१२ मध्ये विंडोज ८ मधून ‘स्टार्ट’ बटणच काढलं. वर्षभरात, २०१३ च्या विंडोज ८.१ मध्ये परत आणावं लागलं. मॅकने २०११ मध्ये ‘लायन’मध्ये स्क्रोलची दिशा उलटी केली, पण जुनी दिशा निवडण्याची खूण सेटिंगमध्ये ठेवली. त्या एका खुणेमुळे कितीतरी लोक शांतपणे काम करत राहिले. त्याच वर्षी लिनक्स या मोफत सिस्टिमवर ग्नोम ३ हे स्क्रीनच्या मांडणीचं नवं रूप आलं, आणि जुनी मांडणी हवी असलेल्यांनी तिचाच वेगळा फाटा काढला, तो ‘माते’ नावाने अजून चालू आहे. विंडोज ११ मध्ये २०२१ ला टास्कबारवरच्या खिडक्यांची नावं वेगवेगळी दाखवण्याचा पर्याय गेला होता. लोकांनी सतत मागणी केली, २०२३ मध्ये परत आला. म्हणजे बोलण्याचा उपयोग होतो.

अर्धविराम

तारयंत्र, शिफ्ट + एफ १० साठी मनापासून आभार. आत्ता दाबून पाहिलं. ‘कॉपी’ शब्द दिसला आणि हायसं वाटलं.

मोजपट्टी, तुमच्यावर राग नाही. सुरक्षेचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य, म्हणून तर मशीन बदललं. पण तुम्ही दोन गोष्टी एकत्र केल्यात. भगदाड बुजवणं ही एक, आणि ‘कॉपी’ या शब्दाच्या जागी चित्र बसवणं ही दुसरी. पहिलीसाठी मी केव्हाही तयार आहे. पण पहिली हवी असेल तर दुसरीही घ्याच, असं का? दार भक्कम करायला आलेल्या सुताराने घरातली भांडी इकडची तिकडे का लावावीत?

आणि सवय होईल हेही खरं. पण होईपर्यंतचा काळ कुणाच्या खात्यात जातो? मी पानांच्या हिशेबाने काम करते. पहिल्या आठवड्यात रोज पंचवीस पानांऐवजी सोळा-सतरा झाली.

रानवाट

मी तिसरी वाट धरली, तिचं बरंवाईट सांगते. जुनं मशीन फेकवेना, म्हणून त्यावर लिनक्स मिंट टाकलं. कुणी उत्साहाने ‘लिनक्स घ्या, सगळे प्रश्न सुटतील’ असं सांगत असेल तर पूर्ण विश्वास ठेवू नका. प्रश्न बदलतात.

चांगलं आधी. मांडणी जुन्यासारखी आहे, बटण डाव्या कोपऱ्यात, यादीत शब्द. अपडेट आले की कळवतं, पण न विचारता रिस्टार्ट करत नाही. ‘टाइमशिफ्ट’ नावाची सोय आहे, ती सिस्टिमची ठरावीक काळाने प्रत काढते. एकदा अपडेटनंतर स्क्रीन काळी झाली तेव्हा आदल्या दिवसाच्या प्रतीवर परत गेले, दहा मिनिटांत. आणि मशीनवर काहीही न बदलता आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं. हे मला फार प्रामाणिक वाटलं.

आता वाईट. प्रिंटर लावताक्षणी चालला, पण त्याच यंत्राचा स्कॅनर चालायला चार संध्याकाळी गेल्या. प्रश्न शोधला की पाच उत्तरं मिळतात, त्यातली तीन जुन्या आवृत्तीची. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करा, असं सांगतात, त्या आज्ञेचा अर्थ कुणी सांगत नाही. अर्थ न कळता आज्ञा चिकटवणं मला पटत नाही, म्हणून प्रत्येक शब्द शोधत बसले. दुसऱ्यांनी पाठवलेल्या वर्डच्या फाइली लिबरऑफिसमध्ये (वर्डच्या जागी वापरायचा मोफत प्रोग्राम) उघडतात, पण तक्ते आणि तळटिपा हलतात. अर्धविराम ताई, तुमच्या कामासाठी हे अडचणीचं होईल, ट्रॅक चेंजेसची (केलेल्या दुरुस्त्या दाखवणारी) फाइल लेखकाकडून तुमच्याकडे आणि परत अशी दहा वेळा फिरत असेल तर विशेष.

माझ्यापुरतं सांगायचं तर मी परत जाणार नाही. तिथे काही बिघडलं तर ते का बिघडलं याचा माग काढता येतो. फक्त वेळ द्यायची तयारी हवी, आणि ती सगळ्यांकडे असावी असा हट्ट नको.

जोडाक्षर

अक्षरजुळणी करतो. देवनागरीत काम करणाऱ्यांना सिस्टिम बदलताना एक वेगळाच फटका बसतो, त्याबद्दल कुठे फारसं लिहिलं जात नाही.

ताई, तुमची सिस्टिम कुठली ते माहीत नाही. विंडोज असेल तर तपासा: जुन्या फाइली ‘मंगल’ फॉन्टमध्ये असतील. विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट सगळ्या मशीनवर आपोआप नसतात, ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ या ऐच्छिक गटात गेलेत. फॉन्ट नसला की सिस्टिम गुपचूप दुसरा लावते, बहुतेक वेळा ‘निर्मला यूआय’. अक्षरं सगळी बरोबर दिसतात, म्हणून कुणाला संशय येत नाही. पण अक्षरांची रुंदी आणि ओळींमधलं अंतर वेगळं, त्यामुळे ओळी दुसरीकडे तुटतात, पानं सरकतात, आणि अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे चुकतात. सेटिंगमध्ये ‘ऑप्शनल फीचर्स’ शोधा, तिथून हा गट जोडा, मशीन रिस्टार्ट करा.

त्याहून जुन्या फाइली, युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमधल्या, त्यांची गोष्ट आणखी बिकट. त्यांत मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. साठवलेलं असतं इंग्रजी अक्षर, आणि फॉन्ट त्याच्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. नव्या मशीनवर तो फॉन्ट नसला की मुखवटा गळतो आणि पानभर इंग्रजी अक्षरांची, चिन्हांची खिचडी दिसते. लोकांना वाटतं फाइल बिघडली आणि ती डिलीट करतात. करू नका! जुन्या मशीनवरून त्या फॉन्टची फाइल आधी उचलून ठेवा, मग सवडीने युनिकोडमध्ये रूपांतर करा. रूपांतरानंतर ‘ऱ्य’, रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा, गोंधळ हमखास तिथेच असतो. जुनं मशीन विकण्याआधी ही गोष्ट केलीच पाहिजे.

टंकनासाठी इन्स्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी शिकून घ्या असं मी सगळ्यांना सांगतो. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हीकडे तीच मांडणी मिळते. ‘ऱ’ शिफ्ट + जे वर, ‘ळ’ शिफ्ट + एन वर. इतक्या वर्षांत माझ्या तीन सिस्टिम बदलल्या, बोटं बदलावी लागली नाहीत.

मोजपट्टी

सुताराचं उदाहरण लागू पडलं. सुरक्षा आणि मांडणी वेगळ्या ठेवता येतात, हे मी लिहिताना लक्षात घेतलं नव्हतं. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हा, नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना आणखी एक वर्ष फक्त सुरक्षेचे अपडेट द्यायची योजना आली. म्हणजे मांडणी तीच ठेवून फक्त भगदाडं बुजवता येतात, हे त्यातूनच दिसतं.

उंबरठा, बाबांना माझा नमस्कार सांगा. वही ठेवणारा माणूस हार मानणारा नसतो.

तरी एक म्हणणं कायम ठेवतो. जुनं सगळंच पर्याय म्हणून ठेवत गेलं तर सिस्टिम जड होते आणि प्रत्येक जादा पर्यायातून नवा बिघाड निघतो. मी स्वतः सॉफ्टवेअरची तपासणी करतो. एका खुणेने तपासण्याच्या शक्यता दुप्पट होतात. कुठली जुनी वाट ठेवायची हे कुणीतरी ठरवावंच लागतं.

तारयंत्र

ठरवावं लागतं, मान्य. पण ज्या गोष्टीला हात न बघता जातो तिला सगळ्यात शेवटी हात लावावा, एवढा क्रम तरी पाळता येईल.

सगळ्यांसाठी दोन गोष्टी राहिल्या होत्या.

पहिली: नव्या मशीनवर डिस्क बहुतेक वेळा आपोआप कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्टेड असते. चोरी झाली तर हे वरदान आहे. पण मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) काही बदल झाला की सिस्टिम सुरू होताना किल्ली मागते. विंडोजमध्ये ही किल्ली ४८ अंकी असते. बहुतेकदा ती तुमच्या ऑनलाइन खात्यात साठवलेली असते, पण त्या खात्याचा पासवर्ड विसरला असेल तर? आज, मशीन चालू असताना, किल्ली शोधा, कागदावर उतरवा आणि कागद घरातल्या महत्त्वाच्या कागदांत ठेवा. किल्ली नसेल तर आतलं काही वाचवणं माझ्यासारख्याच्या हातात राहत नाही, आणि हे समोरच्या माणसाला सांगताना फार जड जातं.

दुसरी: काही अडलं की लोक शटडाउन करून पुन्हा सुरू करतात आणि म्हणतात, ‘तरीही तसंच.’ विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. ती चालू असेल तर शटडाउन करताना सिस्टिमचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवला जातो आणि पुन्हा तोच उचलला जातो, बिघाडासकट. ‘रिस्टार्ट’ दाबलं तर मात्र सगळं नव्याने उभं राहतं. फरक एका शब्दाचा, पण निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

सावली

पायऱ्या केल्या. रात्रभर नेट चालू ठेवलं. सकाळी सगळ्या फोटोंवर हिरव्या टिकखुणा. एक प्रत वेगळ्या डिस्कवरही घेतली. तारयंत्र, तुमचे उपकार.

उंबरठा

अलाइनमेंट डावीकडे केलं. बाबांनी वहीत जुन्या पानावर रेघ मारली नव्हती, तेच पान उघडलं, कोपऱ्यात गेले, दाबलं. ‘वरून चौथे’ मात्र जुळलं नाही, तिथे आता वेगळी मांडणी आहे. ते खोडून नवं लिहीत बसलेत. मला शेजारी बसू देत नाहीयेत, स्वतः करतो म्हणाले.

अर्धविराम

दहा दिवसांनी परत आले. काय केलं ते लिहिते, कुणाला उपयोगी पडेल.

डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ढगातून बाहेर काढले. यात घाई करू नका. ती जोडणी तोडल्यावर मशीनवरचा डेस्कटॉप क्षणभर रिकामा दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला. फाइली ढगाच्या फोल्डरमध्ये होत्या, तिथून हाताने परत आणल्या. मोजून घेतल्या, आधी आणि नंतर. मग बाहेरच्या डिस्कवर प्रत घेतली. शेवटी नेटची वायर काढून एकेक फोल्डर उघडून पाहिला. सगळ्या फाइली उघडल्या. त्या रात्रीची कादंबरीही.

४८ अंकी किल्ली कागदावर उतरवली, दोनदा ताडून पाहिली, मुद्रितशोधनाच्या पद्धतीने, उलटीकडूनही.

जोडाक्षर, मंगलचं तुम्ही सांगितलं तसंच निघालं. गेल्या वर्षीच्या एका पुस्तकाची फाइल नव्या मशीनवर सात पानांनी वाढली होती. फॉन्टचा गट जोडल्यावर पानं जागेवर आली. मी दोन दिवस लेखकाला विचारत होते की तुम्ही मजकूर वाढवलात का. त्यांची माफी मागितली.

यादीची सवय झाली म्हणण्यापेक्षा शिफ्टची सवय झाली. डावा हात आता आधीच शिफ्टवर जातो. काल बावीस पानं झाली.

कंपनीच्या अभिप्रायाच्या पानावरही लिहिलं. ढगाच्या त्या पहिल्या पानावर कोणतं वाक्य असायला हवं होतं, ते वाक्यच लिहून पाठवलं.

एक अडचण राहिली आहे. मराठीत टाइप करत असते, मधेच दुसऱ्या खिडकीत इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग बघायला जाते, तिथे कीबोर्ड इंग्रजी करते. परत आले की मराठीच्या फाइलमध्येही इंग्रजी उमटतं. दिवसात पन्नासदा. जुन्या मशीनवर प्रत्येक खिडकी आपापली भाषा लक्षात ठेवायची. याला काही आहे का?

तारयंत्र

आहे. विंडोज असेल तर सेटिंगमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’, तिथे ‘टायपिंग’, मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज’. ‘प्रत्येक खिडकीसाठी वेगळी इनपुट पद्धत वापरू द्या’ अशा अर्थाची ओळ आहे, तिथे खूण करा. मॅक असेल तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ‘इनपुट सोर्सेस’च्या ‘एडिट’मध्ये जाऊन ‘डॉक्युमेंट्स इनपुट सोर्स’वर आपोआप बदलण्याची खूण. झालं की कळवा.

अर्धविराम

झालं. हा प्रतिसाद मराठीतच टाइप करतेय, आणि शेजारच्या खिडकीत इंग्रजी शब्दकोश उघडा आहे.